छोट्या देशाची पॅरालिम्पिक नोंद कशी लिहावी

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत पॅरालिम्पिकवर भित्तिपत्रक करायचे ठरले की दोन नावे लगेच पुढे येतात. पेठचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताला पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले, तर आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीच्या एफ ४६ गटात १६.३२ मीटरच्या फेकीने रौप्यपदक पटकावले. ही दोन नावे लावून झाल्यावर मुलांना एखादा छोटा देश निवडायला सांगावा. मोठ्या देशांच्या लांबलचक याद्या उतरवून काढण्यापेक्षा एका पदकाचा नीट शोध घेण्यात मुले अधिक शिकतात, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः फिजी निवडतो, कारण सुमारे नऊ लाखांचा हा द्वीपदेश लोकसंख्येने आपल्या जिल्ह्याच्या एक तृतीयांशही नाही आणि त्याचे एकमेव पॅरालिम्पिक पदक भारताच्या पदकाला अगदी खेटून आहे.

सर्वप्रथम स्पर्धेचे नाव, वर्ष आणि ठिकाण पक्के करावे. पॅरालिम्पिक, कर्णबधिरांची डेफलिम्पिक आणि बौद्धिक दिव्यांगांसाठीची स्पेशल ऑलिम्पिक या तीन वेगळ्या स्पर्धा असून त्यांची पदके एका तक्त्यात मिसळू नयेत. ठिकाणाच्या बाबतीत मी स्वतःच चुकलो होतो. पेटकरांच्या नावापुढे मी ‘म्युनिक’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि फलक पाहायला आलेल्या एका निवृत्त जवानाने ते सौम्यपणे दुरुस्त केले. त्या वर्षी ऑलिम्पिक म्युनिकला झाले, पॅरालिम्पिक मात्र हायडलबर्गला. तसेच ‘तोक्यो २०२०’ प्रत्यक्षात २०२१ मध्ये पार पडले, हेही कंसात नमूद करावे.

त्यानंतर देशाचा पहिला सहभाग आणि पहिले पदक यांतले अंतर काढावे. फिजी १९६४ मध्येच तोक्योच्या पॅरालिम्पिकमध्ये उतरला होता, म्हणजे भारताच्याही आधी, कारण आपला पहिला सहभाग १९६८ चा, तेल अवीवचा. फिजीचे पदक मात्र ४८ वर्षांनी, २०१२ मध्ये लंडनला आले. लहानपणी बस अपघातात पाय गमावलेल्या इलिएसा डेलाना यांनी उंच उडीत १.७४ मीटर उंची पार करून सुवर्ण जिंकले. कृत्रिम पाय न लावता एका पायावर लंगडी घालत ते आडव्या दांडीपर्यंत धावले होते. फिजीला ऑलिम्पिकचे पहिले सुवर्ण त्यानंतर चार वर्षांनी, रिओत रग्बी सेव्हन्समध्ये मिळाले.

खरी मेहनत इथून पुढे आहे. त्याच स्पर्धेत भारताच्या गिरीशा नागराजेगौडा यांनीही १.७४ मीटरच पार केले आणि त्यांना रौप्यपदक मिळाले, भारताचे त्या लंडन स्पर्धेतले एकमेव पदक. ‘उंची सारखी, मग सुवर्ण त्यालाच का?’ असा प्रश्न मुले विचारतातच. अशा वेळी फळ्यावर निकालपत्रकाचा नमुना काढावा: यशस्वी उडीला शून्य, चुकलेल्या उडीला फुली, सोडून दिलेल्या उडीला आडवी रेघ, आणि ओळीने तीन फुल्या पडल्या की खेळाडू बाद. उंची समान झाल्यास आधी त्या शेवटच्या उंचीवर कोणाच्या फुल्या कमी आहेत ते पाहतात आणि तिथेही बरोबरी असेल तर तोपर्यंतच्या एकूण फुल्या मोजतात. निकाल अशाच मोजणीवर लागला असल्यामुळे नोंदीत नुसती उंची लिहिणे अपुरे ठरते.

गटाच्या सांकेतिक क्रमांकाचीही अशीच काळजी घ्यावी. एफ म्हणजे मैदानी प्रकार, टी म्हणजे धावपट्टीवरचे प्रकार, आणि पुढचा आकडा दिव्यांगत्वाचे स्वरूप सांगतो. लंडनला ही उडी एफ ४२ गटात होती. पुढे उड्यांसाठी टी हे अक्षर आल्यामुळे रिओत ती टी ४२ झाली आणि तोक्योत टी ६३ या नावाने खेळली गेली. जुन्या पदकापुढे आजचा क्रमांक लिहिणारा वाचकाची दिशाभूल करतो, म्हणून त्या वर्षीचाच क्रमांक ठेवावा.

दरडोई पदकांचे गणित मात्र करू नये. एका पदकाला नऊ लाखांनी भागून येणारा आकडा आकर्षक दिसतो, पण त्यातून काहीच कळत नाही. पदकतालिकेतला क्रम सांगायचा असेल तर तो आधी सुवर्णांवर ठरतो हे स्पष्ट करावे. लंडनच्या तालिकेत एका सुवर्णाचा फिजी एका रौप्याच्या भारताच्या वर होता, तो याच कारणाने.

फिजीच्या पानावर पदकाची ओळ शेवटी एकच राहते. ती जागा फुगवण्यासाठी झेंडे चिकटवू नयेत. तळाशी ‘पॅरिस २०२४ अखेर’ असे पेन्सिलीने लिहावे, म्हणजे २०२८ च्या लॉस एंजेलिसनंतर तेवढेच खोडून पुढचे भरता येईल.