बेसबॉलमध्ये सर्वोत्तम रिलिव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा बदली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवताय? या चुका टाळा

४ ऑक्टोबर २०१६. टोरांटोत ब्लू जेज आणि बाल्टिमोर ओरिओल्स यांच्यात हरेल तो बाहेर असा सामना. अकरावी इनिंग, २-२ अशी बरोबरी, ब्लू जेजचा एक गडी बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे रनर. ओरिओल्सचा रिलिव्हर झॅक ब्रिटन त्या मोसमात सेव्हच्या (शेवटपर्यंत आघाडी टिकवल्याबद्दल पिचरच्या नावे होणारी नोंद) ४७ पैकी ४७ संधी साधून आलेला, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) ०.५४. त्याच्या सिंकरवर (खाली झुकणारा चेंडू) बहुतेक फटके जमिनीलगत जायचे, म्हणजे डबल प्लेसाठी (एकाच फटक्यावर दोन गडी बाद) याहून योग्य माणूस नव्हता. पण मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी पिचर उबाल्डो हिमेनेझलाच ठेवलं. एडविन एन्कार्नासिओनने होम रन ठोकला, सामना ५-२ असा संपला आणि ब्रिटन एकही चेंडू न टाकता घरी गेला.

पाहुण्या संघांची ही नेहमीची चूक: आघाडी मिळाली की क्लोजर (सामना संपवायला येणारा हुकमी रिलिव्हर) आणू, असं म्हणत थांबणं. यजमान इनिंगमध्ये शेवटी बॅटिंग करतात, त्यामुळे नवव्या इनिंगपासून पुढे बरोबरीत त्यांना एकच धाव पुरते, मग आघाडी घ्यायला पुढची इनिंग उरतेच कुठे? २००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाची अंतिम मालिका) चौथ्या सामन्यात यांकीजचंही हेच झालं. त्यांचा क्लोजर मारियानो रिव्हेरा बुलपेनमध्ये (रिलिव्हर तयारी करत थांबतात ती जागा) थांबला आणि बाराव्या इनिंगमध्ये जेफ वीव्हरच्या चेंडूवर ॲलेक्स गोन्झालेझच्या होम रनने सामना गेला.

या सवयीचं मूळ सेव्हच्या आकड्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. १९६९ पासून अधिकृत झालेल्या या नियमात तीन धावांची आघाडी घेऊन शेवटची एक इनिंग टाकली तरी सेव्ह मिळतो. पण अशी आघाडी बुलपेनमधला कुठलाही बरा पिचर बहुतेक वेळा टिकवतो. तिथे हुकमाचा एक्का खर्च करायचा आणि सातव्या इनिंगला एका धावेची आघाडी, बेस भरलेले, समोर त्यांचे सगळ्यात धोकादायक बॅटर असताना चौथ्या-पाचव्या दर्जाचा पिचर पाठवायचा, हे उलटंच झालं.

मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी २०१६ मध्ये क्लीव्हलंडकडून वेगळी वाट दाखवली. बोस्टनविरुद्धच्या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात ४-३ अशी निसटती आघाडी असताना त्यांनी आपला हुकमी रिलिव्हर अँड्र्यू मिलरला पाचव्याच इनिंगमध्ये आणलं. शेवट कोडी ॲलनने सांभाळला आणि सामना ५-४ ने खिशात टाकला. पुढच्या फेरीत मिलर मालिकावीर ठरला.

पण म्हणून अशा रिलिव्हरला रोज राबवू नका. त्याच वर्षी शिकागो कब्सचा क्लोजर अरोल्डिस चॅपमनने वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात आठ गडी बाद केले होते. सहाव्यात ७-२ अशी आघाडी असतानाही त्याला सातव्या इनिंगलाच उतरवलं. सातव्या सामन्यात राजाई डेव्हिसने त्याला होम रन मारून ६-६ अशी बरोबरी केली. कब्स जिंकले, पण जीव मुठीत धरून.

‘आपण कधी जाणार हेच कळत नाही’ अशी रिलिव्हरची तक्रार असेल तर ती खरी माना. वॉर्मअप करायला लावून पुन्हा बसवलं की हात उगाच थकतो. सामन्यापूर्वीच त्याला इनिंगऐवजी बॅटर सांगा: ‘आघाडी दोन धावांच्या आत असेल आणि त्यांचा दुसरा, तिसरा, चौथा बॅटर येणार असेल, तर तू.’ २०२० पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) पिचरला किमान तीन बॅटरना सामोरं जावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे हे तीन कोण याचा हिशेब बुलपेनला फोन करण्याआधीच झालेला हवा.