व्हॅम्पायर शेजारी असलेलं गाव कसं रचावं

कल्पित जगात माणसं आणि रक्तपिशाच एकत्र नांदतात, असं एका वाक्यात लिहून मोकळं होता येतं. पण वाचक तिसऱ्या पानावर विचारतो, हे पितात कोणाचं आणि किती? त्याचं उत्तर नसेल तर किल्ला, काळे झगे, हजार वर्षांचं वैर सगळं पुठ्ठ्याचं वाटायला लागतं. म्हणून पहिल्या दिवशी नकाशा काढू नका, वही काढा. एका पानावर गाव किती रक्त देऊ शकतं ते लिहा, समोरच्या पानावर पिणाऱ्यांना किती लागतं ते.

माणसाची बाजू सोपी आहे, कारण रक्तपेढ्यांचे नियम हाताशी आहेत. भारतात एका वेळी ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतात, आपण ३५० धरू. देणारा किमान ४५ किलोचा आणि १८ ते ६५ वयाचा लागतो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर लागतं. दोन वेळांमध्ये पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस थांबावं लागतं. गेलेलं पाणी एकदोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त. ३५० मिलीबरोबर साधारण १७५ मिलिग्रॅम लोह अंगातून जातं आणि ते परत यायचं ते भाजी-भाकरीतूनच.

आता बाराशे वस्तीचं गाव घ्या. पोरं, म्हातारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आजारी, अशक्त वगळले की देणारे चारशेच्या आसपास उरतील. त्यांत निम्मे पुरुष धरा. २०० पुरुष वर्षातून चारदा, २०० बाया तीनदा, म्हणजे १,४०० वेळा ३५० मिली. झाले ४९० लिटर. पेरणी-कापणीचे दिवस, तापाची साथ, उपासतापास यांसाठी चौथा हिस्सा सोडा. हातात ३६७ लिटर राहिले. बाराशे माणसांच्या गावाचं वर्षाचं उत्पन्न एवढंच.

समोरच्या पानावर पिणारे. रोज एक लिटर लागणारा पिशाच वर्षाला ३६५ लिटर पितो, म्हणजे अख्खं गाव एकट्याला पोसतं. आणि तोही अर्धपोटीच, कारण लिटरभर रक्तात ७५०–८०० कॅलरी असतात, बसून खाणाऱ्या माणसालाही त्या पुरत नाहीत. तेच, आठवड्याला पाव लिटरवर भागणारा असेल तर वर्षाला १३ लिटर, आणि त्याच गावात असे २८ जण राहू शकतात. पहिल्या जगात एक सरंजामदार आणि बाराशे कुळं, दुसऱ्या जगात पिशाचांची एक गल्ली. पुढची सगळी राजकारणं या एका आकड्यातून निघतात, म्हणून तो आधी ठरवा आणि गोष्टीच्या सोयीसाठी मध्येच बदलू नका.

निसर्गाचा दाखला वापरायचा तर लॅटिन अमेरिकेतली रक्त पिणारी वटवाघळं बघा. नेहमीच्या जातीचं वटवाघूळ ३०–४० ग्रॅमचं असतं आणि एका रात्री स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास रक्त पितं. हे प्रमाण ६० किलोच्या पिशाचाला लावलं तर एका रात्रीत सहा माणसं रिकामी होतील. तेव्हा थोडी जादू लागणारच. फक्त ती कुठे लावली ते सांगा: पोट रक्ताने भरतं, की रक्त फक्त औषधासारखं आहे आणि पोटाला भात चालतो?

जाती वेगळ्या म्हणजे तोंडं वेगळी

बहुतेकांच्या जाती डोळ्यांच्या रंगावरून पडतात: लाल डोळ्यांचे, निळ्या डोळ्यांचे, उच्चकुलीन, रानटी. याने काहीच घडत नाही. वटवाघळांच्या रक्तपायी जाती तीनच, पण एक मुख्यतः गुराढोरांवर जगते आणि दोन पक्ष्यांवर. खाणं वेगळं, म्हणून भांडण कमी. तुमच्या जातीही खाण्यावरून पाडा आणि नावं गाव ठेवील तशी ठेवा. रोजकरी म्हणजे रोज लागणारे, आठवडी म्हणजे बाजाराच्या दिवशी येणारे, गुरकरी म्हणजे जनावरांवर भागवणारे, दमचोर म्हणजे रक्ताला न शिवता श्वास ओढणारे.

गुरकऱ्यांना उगाच दुय्यम समजू नका. पूर्व आफ्रिकेतले मासाई गुराच्या मानेची शीर बोथट बाणाने टोचून रक्त काढतात आणि दुधात मिसळून पितात. गुरू मरत नाही, जखम बुजते. चारशे किलोच्या गाईत बावीसेक लिटर रक्त असतं, त्यातले दोन लिटर निघाले तरी ती उभी राहते. ज्या गावात मुंडी-वजडीबरोबर रक्तीही शिजते, तिथे गुरकऱ्याची अडचण खाटकाशी होईल, देवळाशी नाही. दोघांचा माल एकच, भाव कोणी वाढवायचा?

दमचोरासाठी चीनमधला च्यांगशी बघा: ताठ अंगाचा, उड्या मारत येणारा, माणसाची प्राणशक्ती ओढणारा. त्याला कपाळावरचा मंत्राचा कागद आणि चिकट तांदूळ अडवतात. रक्ताच्या वहीत तो येतच नाही, म्हणून कराराबाहेर राहतो, आणि कराराबाहेरचा शेजारी सगळ्यात जास्त त्रास देतो. मलय लोकांतल्या पेनांगालानचं तर सगळं गुपित किराण्यात आहे. तिचं मुंडकं आतड्यांसकट धडापासून सुटून रात्री उडतं, परतल्यावर फुगलेली आतडी व्हिनेगरमध्ये बुडवून आकसवावी लागतात, तेव्हा ती धडात मावतात. म्हणजे घरात व्हिनेगरची बरणी हवीच. वाण्याच्या उधारीच्या वहीत कोणाच्या नावावर दरमहा किती व्हिनेगर लागलंय हे बघणारा एक माणूस गोष्टीत असू द्या, वेगळा गुप्तहेर लागणार नाही.

मराठी मुलखासारखं जग रचणार असाल तर आणखी एक गाठ सोडवावी लागेल. युरोपातला व्हॅम्पायर पुरण्याच्या रिवाजातून आला. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच या मृत माणसाला उकरून काढलं, तर प्रेत ताजं दिसलं. पुढे अशी उकराउकरी एवढी वाढली की ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेसा हिने १७५५ मध्ये आपले वैद्य व्हान स्वीटन यांना लक्ष घालायला लावलं आणि ती बंद केली. जिथे प्रेत जाळतात तिथे परत यायला शरीरच उरत नाही. म्हणून आपल्याकडचा वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो आणि मुंजा पिंपळावर राहतो. तुमचा पिशाच जाळणाऱ्या समाजातला असेल तर त्याला शरीर कुठून मिळालं याचं उत्तर द्या: लहान मुलं आणि संन्यासी पुरण्याची रीत आहे, पुरात वाहून गेलेली प्रेतं आहेत, चिता विझवणारा पाऊस आहे.

पेला कसा भरायचा

बाहेर काढलेलं रक्त पाच-दहा मिनिटांत गोठतं. भोजनगृहात बाटल्या मांडून ठेवलेलं दृश्य इथेच कोसळतं. रक्त पातळ ठेवणारं सायट्रेट माणसासाठी वापरात आलं १९१४ मध्ये. त्यात साखर वगैरे घातलेल्या आजच्या मिश्रणातलं रक्त २ ते ६ अंशांवर ३५ दिवस टिकतं. तुमच्या जगात बर्फही नसेल तर दोन वाटा उरतात.

एक, घुसळणं. ताजं रक्त काठीने सतत ढवळलं की गोठवणारे धागे काठीला गुंडाळून येतात आणि उरलेलं पातळ राहतं. काठी खडबडीत हवी आणि हात पहिल्या मिनिटापासून चालला पाहिजे. गाठी धरल्यावर सुरू केलं तर भांड्यात खरवस होतो. मात्र असं रक्त गोठत नाही एवढंच, नासतं ते नासतंच, वैशाखात काही तासांत.

दुसरी वाट जळवांची, आणि मध्ययुगीन वळणाच्या जगासाठी हीच उत्तम. एक जळू ५ ते १० मिली पिते, तिच्या लाळेतलं द्रव्य रक्त गोठू देत नाही, आणि सुश्रुतसंहितेत तर भरलेल्या जळूला तांदळाचं पीठ, तेल आणि मीठ लावून ओकवायची रीतसुद्धा दिली आहे. पाव लिटरच्या पेल्याला पस्तीसेक जळवा लागतील. म्हणजे जळवा पाळणारं तळं आलं, ते राखणारं घराणं आलं, आणि माणूस व पिशाच यांच्यात दाताचा संबंधच उरला नाही. एकदा भरलेली जळू महिनोन्महिने भूक धरत नाही, तेव्हा तळ्यात हजारांनी जळवा हव्यात. तळं आटलं की तह मोडला.

थेट चावू देणार असाल तर मान विसरा. मानेतली धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. शहाणा पिशाच कोपराच्या आतली शीर धरेल. खरं तर वटवाघूळ चोखतही नाही. ते कातडीचा बारीक टवका काढतं आणि वाहतं रक्त चाटतं. दुसरी गोष्ट रोगाची. तेच दात दहाजणांना लागले तर हिवतापापासून काविळीपर्यंत सगळं गावभर फिरेल, सुई न बदलणाऱ्या गोंदणाऱ्यासारखं. एका घरामागे एक पिशाच असा नियम करा, नाहीतर चावणं बंद करून पेला.

पिणाऱ्याच्या अंगालाही हे बाधतं. लिटरभर रक्तात सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह असतं आणि जादा लोह बाहेर टाकायची वाट माणसाच्या शरीराला नाही. पिशाचालाही ती नसेल तर ते यकृतात आणि सांध्यांत साठेल, कातडी तांबूस-काळी पडेल. फिकट गोरा व्हॅम्पायर ही जुनी सवय सोडायला हे चांगलं निमित्त आहे. माणसांतही लोह साठण्याचा असा आनुवंशिक आजार असतो आणि त्यावरचा उपचार म्हणजे सुरुवातीला दर आठवड्याला सुमारे अर्धा लिटर रक्त काढणं. असं एखादं घराणं तुमच्या गावात असेल तर आठवडी त्यांच्या दारात रांग लावतील, आणि त्या घरच्या मुलीला स्थळं कुठून येतील ते बघा.

उंबरठा आणि ‘या’

बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, हा नियम घ्यायचा तर तो शेवटपर्यंत ताणून बघा. बोलावणं घरमालकाचं चालतं की भाडेकरूचं? मोठ्या सुनेने ‘नको’ म्हटलं आणि सासऱ्याने बोलावलं तर? धर्मशाळा, चावडी, देऊळ यांचा उंबरठा कोणाचा? आणि मराठीत तर मोठीच पंचाईत. आपण निघालेल्या पाहुण्यालाही ‘जा’ म्हणत नाही, ‘बरं, या मग’ म्हणतो. कज्जेदलाल पिशाच तेवढ्यावर मध्यरात्री हजर होईल. म्हणून अशा गावात पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवतात: अंधार पडल्यावर कोणालाही ‘या’ म्हणायचं नाही, ‘निघा आता’ म्हणायचं. परगावच्या पाहुण्याला ते उद्धट वाटतं. एवढ्या एका शब्दाने जग उभं राहतं, त्यासाठी परिशिष्टात नवी भाषा बनवायची गरज नाही.

उन्हाचं थोडक्यात. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही समजूत लोककथेतली नाही, ती १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून रुजली. तेव्हा ती घेणं बंधनकारक नाही. घेतलीत तर पंचांग पाळा. महाराष्ट्रात रात्र साधारण पावणेअकरा ते तेरा तासांची असते, म्हणून फारसा फरक पडत नाही, पण ध्रुवाजवळच्या गावात उन्हाळाभर सूर्य मावळतच नाही.

मग कागदपत्रं. पिशाच कायद्याने जिवंत की मेलेला? जिवंत असेल तर तीनशे वर्षं सातबाऱ्यावर एकच नाव आणि पणतूचे पणतू वारसनोंदीसाठी हेलपाटे घालतायत. मेलेला असेल तर त्याची जमीन गेली, बायको विधवा झाली, पण तो तर रोज अंगणात येऊन बसतो. त्याचं सुतक धरायचं का? दोन्हींतलं एक निवडा आणि ज्याचं नुकसान होतं त्याला तुमचं मुख्य पात्र करा.

चावल्याने माणूस पिशाच होतो असं मात्र सरसकट ठेवू नका. महिन्याला प्रत्येकाने एकालाच चावलं तरी दर महिन्याला संख्या दुप्पट होते. हजाराचं गाव दहा महिन्यांत संपतं आणि आजची अख्खी पृथ्वी तेहेतीस महिन्यांत. पिशाच होणं अवघड, महाग आणि गावाच्या परवानगीचं ठेवा.

करार लिहिताना युरोपी सनदांची नक्कल करायची गरज नाही. रात्री फिरणाऱ्याशी कसं वागायचं याची रीत कोकणात आहेच. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. केळीचे घडही देतात. देणं ठरलेलं, त्याबदल्यात राखण ठरलेली, आणि हे दरवर्षी मोठ्याने बोलून पक्कं करायला गाऱ्हाणं. तुमच्या गावातलं कलम असं बोलता येईल: ‘ठरलेलो पेलो अमावास्येक वेशीर मिळतलो, पण उंबऱ्याआत पाय घालूचो नाय!’ आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’. लिहिलेल्या सनदेपेक्षा हे मोडायला कठीण, कारण साक्षीला अख्खं गाव असतं.

सगळं रचून झालं की भाद्रपदात हिवतापाची साथ घाला. चारशे देणाऱ्यांतले दीडशे अंथरुणाला खिळले, उरले अडीचशे. अठ्ठावीस आठवडींपैकी दहाजणांचा पेला रिकामा राहणार. वटवाघळांत दोन-तीन रात्री उपास घडला की मरण येतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात रक्त ओकून देतं, नातेवाइकाला आणि ज्याच्याशी नेहमीची सोबत आहे त्याला आधी. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी हे १९८४ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा वहीत पिशाचांच्या नावांपुढे एक जादा रकाना आखा, कोणी कोणाला कधी पाजलं याचा. त्या दहांत ज्याचा रकाना कोरा आहे, तो त्या रात्री कोणाचा तरी उंबरठा वाजवणार.