कोंबडीचं सूप मांडण्याआधी फडकं काढून ठेवा

आधी सूप गाळायचं फडकं. जुन्या धोतराचं, सुती, धुवून धुवून मऊ झालेलं, दुहेरी घडी केली तरी गंजाच्या (पातेल्याच्या) तोंडावर अंथरून चारी बाजूंनी खाली उतरेल एवढं मोठं. आदल्या रात्री ते उकळत्या पाण्यातून काढा, साबण लावू नका, वाळवा आणि सकाळी चुलीपाशी डोळ्यांसमोर खुंटीला लटकवा. कोंबडी, भाजी, लाकडं सगळं त्यानंतर. परवा नणंदेचा फोन आला. तिचा मुलगा डेंग्यूतून उठलाय, त्याला पाला घातलेलं कोंबडीचं सूप द्यायचंय, म्हणून काय काय तयारी करू विचारत होती. तिलाही पहिलं हेच सांगितलं आणि फोन ठेवायच्या आधी पुन्हा तेच सांगितलं.

मागच्या पुसात (पौषात) मामाजी, म्हणजे माझे सासरे, निमोनियातून आठ दिवसांनी घरी आले. तोंडाला चव नाही, तोंडात दात नाहीत, भाकर कुस्करून दिली तरी दोन घासांवर हात धुवायचे. मी गावरान कोंबडीचं सूप केलं, त्यात शेवग्याचा पाला घातला. माझ्या मते तयारीत काही राहिलं नव्हतं. भाजी तीन पाण्यांतून काढली होती, मिरे कुटले होते, ज्याच्याशिवाय आमच्या घरी जेवण होत नाही ते तिखटसुद्धा बाजूला ठेवलं होतं. गाळलं मात्र नाही. पळीनं वरचंवरचं काढून वाटीत दिलं. पहिली वाटी त्यांनी मिटक्या मारत संपवली. दुसऱ्या वाटीला त्यांचा हात थांबला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "सूनबाई, काहीतरी टोचून राह्यलं." शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी कोरड्या भाकरीचा गोळा गिळायला दिला. त्यानं ते आणखी खोल रुतलं. रात्री नऊ वाजता गाडी करून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं काढून ट्रेमध्ये ठेवलं ते मी पाहिलं. करंगळीच्या नखाएवढी हाडाची पांढरी किरच, एका टोकाला सुईसारखी. असं काही अडकलं तर भाकरी, भात, केळं काहीही वरून गिळायला देऊ नका, तसेच घेऊन निघा, हे तेव्हा कळलं. पण तिथवर जायची वेळच येऊ नये म्हणून फडकं.

ही किरच येते कुठून, ते कोंबडी घेतानाच ध्यानात ठेवा, कारण अर्धं काम तिथेच होतं. दुकानातला माणूस रश्श्याच्या हिशोबानं तोडतो. बारीक तुकडे, खटाखट, एकाच जागी दोन-तीन घाव. गावरान कोंबडीचं हाड टणक असतं, ते कापलं जात नाही, फुटतं. त्याचा चुरा मांसाला चिकटून घरी येतो आणि उकळताना सुटून सुपात पडतो. म्हणून त्याच्यापाशी उभं राहून सांगा, सुपाला पाहिजे, मोठे तुकडे कर, सांध्यावर सुरी घाल. तंगडी आख्खी, मांडी आख्खी, छाती दोन भागांत. तो म्हणेल, मसाला मुरणार नाही. मुरवायचाच नाही आहे. गर्दीच्या रविवारी तो ऐकणार नाही, तर दुसऱ्या दिवशी जा. घरची कोंबडी असेल तर घरीच सांध्यातून सोडवा. आणि तुकडे कितीही मोठे केले तरी गाळायचं आहेच. मोठे तुकडे केले म्हणून फडकं नको, असं मनात आणू नका.

चार माणसांना हाडासकट अर्धा-पाऊण किलो पुरे. गावरान असेल तर चव चांगली उतरते, पण वेळ लागतो. ब्रॉयलर लवकर शिजते, आजाऱ्याला तीही चालते. कडकनाथसाठी दहा गावं फिरायची गरज नाही. कातडी काढून घ्या. मान आणि पाठ टाकू नका, रस त्यांतूनच उतरतो, पण त्यांचं मांस वाटीत घालायचं नाही. बारीक हाडं तिथेच सगळ्यात जास्त.

आता पाला. हिवाळ्यात पालक, चुका, शेवगा, उन्हाळ्यात चिवळ, पावसाळ्यात तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पानं, चवळाई. मेथी कडवट, आजाऱ्याच्या तोंडाला नको. मला शेवगा पसंत. बहुतेक घरांच्या परसात असतो आणि त्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम भरपूर. काड्या मात्र सगळ्या काढा, पानाखालची बारीक दांडीसुद्धा, तीही घशाला लागते. पालक एक जुडी किंवा शेवग्याचा पाला दोन मुठी. चुका घेतला तर अर्धीच जुडी, मग लिंबू नको, आणि जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्यात शिजवू नका. आंबट पाल्यानं जर्मन झिजतं आणि ते पोटात जातं. स्टीलचा गंज घ्या. घरात कुणाला मुतखडा असेल तर पालक आणि चुका दोन्ही टाळा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हिरव्या पाल्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व त्यातल्या काही गोळ्यांच्या उलट काम करतं. किडनीचा त्रास असलेल्यांनीही विचारून घ्या.

पाला कुठून तोडता, याची फार काळजी घ्या. कपाशीच्या धुऱ्यावरची (बांधावरची) भाजी घेऊ नका. पंपाचा फवारा वाऱ्यानं धुऱ्यावर येतोच, आणि दिसायला ती भाजी सगळ्यात हिरवी असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले, ते दिवस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्याच औषधाच्या वासात वाढलेला पाला आजारी माणसाच्या वाटीत कशाला? परसातला घ्या, नाहीतर कधी फवारलं हे जिला विचारता येईल अशा ओळखीच्या बाईकडून.

भाजी आदल्या संध्याकाळी निवडा. सकाळी खोल भांड्यात पाणी घेऊन पाला बुडवा, हलवा, आणि पाला वर उचलून घ्या. पाणी ओतू नका, तळाला बसलेली माती परत पानांवर येते. असं तीनदा. हे सगळं कोंबडीला हात लावायच्या आधी उरका आणि भाजी झाकून ठेवा. कोंबडी धुतानाचं पाणी उडतं, त्यातले जंतू उघड्या भाजीवर, पोळीपाटावर, पाण्याच्या माठावर जातात. खरं म्हणजे कच्ची कोंबडी धुऊच नये असं जाणकार सांगतात, शिजताना जंतू मरतातच. आपल्याकडे हळद-मीठ लावून धुतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, मलाही नाही. मग निदान नळाखाली धरू नका, वेगळ्या गंजात हळू धुवा, ते पाणी लांब टाका, विळी-सुरी आणि हात साबणानं धुवा.

बाकीचं सामान थोडंच. एक कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, बोटाचं पेर एवढं अद्रक, आठ-दहा मिरे, चिमूटभर हळद, मीठ, लिंबू, सांबार (कोथिंबीर). तेल नाही. तिखट नाही. सावजी मसाल्याचा डबा वरच्या फळीवर राहू द्या. लाल तर्री आली की ते सूप राहत नाही आणि आठ दिवस अन्नाशिवाय राहिलेल्या पोटाला सोसत नाही. बाजारातली सुपाची वडी किंवा पुडीही नको, तिच्यात मीठ फार. मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणाचा मिळून.

जळण बघून ठेवा. चुलीवर करणार असाल तर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) उपयोगाच्या नाहीत, भकाभका पेटतात आणि दहा मिनिटांत राख. सुपाला मंद आच पाहिजे, बाभळीची दोन जाड लाकडं घ्या. खळाखळा उकळलं की सूप गढूळ होतं. गॅस असेल तर सिलिंडर हलवून बघा.

आता एकदा खुंटीकडे बघा. फडकं आहे? चहाची गाळणी चालणार नाही, दीड लिटर पाणी आणि कांद्याच्या लगद्यानं ती दुसऱ्या पळीलाच बंद होते, मग कंटाळून माणूस तसंच ओततो. पुरणाच्या चाळणीची भोकं मोठी, मामाजींच्या घशातली किरच तिच्यातून आरामात गेली असती. चाळणी ठेवा, पण फडक्याखाली, आधाराला. दुसरा रिकामा गंजही आत्ताच बाजूला काढा. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं भांडं रिकामं नव्हतं, हेही एक कारण होतं. गरम गंज हातात, ओतायला जागा नाही, मामाजी भुकेले. मग गाळणं राहून जातं.

कोंबडी थंड पाण्यात घालून चुलीवर ठेवा, दीड लिटर पाणी. गरम होताना मळकट फेस वर येतो, तो पळीनं काढत राहा. फेस थांबला की कांदा दोन भाग करून, लसूण, अद्रक ठेचून, मिरे, हळद. गावरानला मंद आचेवर दीड-दोन तास, ब्रॉयलरला पाऊण तास. कुकरमध्ये गावरानला पाच-सहा शिट्ट्या, ब्रॉयलरला दोन-तीन. तंगडी दाबली की मांस हाडावरून घसरलं पाहिजे आणि आत कुठे गुलाबी दिसायला नको. नीट उतरलेला रस गार झाला की थलथलीत जमतो. तो नासला असं समजून टाकू नका, हाडा-सांध्यांतला चिकटपणा तो.

आता गाळा. आधी तुकडे चिमट्यानं परातीत काढा. रिकाम्या गंजावर चाळणी, चाळणीवर फडकं दुहेरी, फडकं पाण्यानं ओलं करून पिळलेलं, म्हणजे चरबी त्यालाच धरून राहते. हळू ओता. शेवटचा पेलाभर, तळाचा, ओतूच नका. जड किरचा तिथेच बसलेल्या असतात. तेवढ्या रसाचा मोह सोडा. फडकं पिळू नका, पिळलं की अडकलेलं टोक आरपार निघतं. गाळून झाल्यावर फडकं उजेडात उघडून बघा. परवा मोठे तुकडे आणूनसुद्धा मला त्यात दोन किरचा दिसल्या.

मांस सोडवताना चष्मा लावा आणि हात घाई करणार नाहीत अशा वेळी बसा. तंगडीत मोठ्या हाडाला लागून एक बारीक हाड असतं, सुईसारखं, टोकदार. ते मांसात दडून राहतं आणि डोळ्याला दिसत नाही. ते आधी शोधून काढा, सापडेपर्यंत ती तंगडी बाजूला ठेवा. मग प्रत्येक रेषा दोन बोटांत चोळून बघा. अंगठा आणि तर्जनीला कळतं, चमच्याला कळत नाही. मिक्सरमध्ये फिरवलं की होईल बारीक, असं म्हणू नका. किरच बारीक होते, जात नाही, आणि मग कशानंच सापडत नाही. दात नसलेल्या माणसासाठी मांस फिरवायचंच असेल तर चोळून झाल्यावर फिरवा.

गाळलेला रस परत चुलीवर, उकळी आली की मांस आणि मग पाला. झाकण नाही. पालक दोन मिनिटं, शेवगा पाच. पाला कोंबडीसोबत कुकरात घालू नका, काळा पडतो आणि वास येतो. मीठ शेवटी. उतरवून लिंबू पिळा, पाल्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. वर सांबार.

या सुपानं डेंग्यूत कमी झालेल्या पेशी (प्लेटलेट) वाढतात असं नणंदेला मी सांगितलं नाही, कारण तसं नाही. तोंडात चव येते, पाणी आणि प्रोटीन पोटात जातं, माणूस दुसरी वाटी मागतो, एवढं होतं. पेशींसाठी डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा.

कोमट द्या, बसवून द्या, झोपवून नाही. पहिला घोट तुम्ही घ्या.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा. तिसऱ्या दिवशी नको. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतंच करा.

हाडं कुत्र्यापुढे टाकू नका, शिजलेलं हाड त्याच्याही घशात रुततं. खड्डा करून पुरा. फडकं झटका, उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात वाळवा आणि परत त्याच खुंटीला.