सीतेची आसवं ओळखताना या चुका टाळा

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पहिल्यांदा गेलो तेव्हा दिसेल त्या निळ्या फुलाला मी 'सीतेची आसवं' म्हणत सुटलो होतो. खरं तर ते एकाच छोट्या रानफुलाचं नाव. घरी येऊन फोटो नीट बघितले, तर त्यात आभाळी नावाचं दुसरंच रानफूल निघालं आणि एक चक्क केना! केना तर आमच्या गल्लीत गटाराकडेलाही उगवतो.

चूक झाली ती रंगावर भरवसा ठेवल्याने. सीतेच्या आसवांचं फूल निळसर जांभळं, पण मोबाइलचा कॅमेरा त्याला कधी निळंशार करतो, कधी गुलाबीकडे नेतो. म्हणून रंग शेवटी बघा, आधी पाकळ्या मोजा. केन्याला दोन मोठ्या निळ्या पाकळ्या आणि तिसरी नावापुरती. फूल घडी घातलेल्या पानासारख्या खोळीतून वर येतं आणि दुपारपर्यंत मिटतं. आभाळीला तीन पाकळ्या, मध्ये केसाळ झुपका आणि त्यात पिवळे ठिपके. सीतेच्या आसवांना मात्र मोजण्यासारख्या पाकळ्याच नाहीत. वर एक छोटा ओठ, खाली एक पसरट, आणि घशाशी पांढरट डाग.

फोटो फक्त समोरून काढू नका. नखाएवढ्या या फुलाची खरी खूण बाजूने दिसते, खालून निघालेली टोकदार शेपटी. ती दिसली की केना, आभाळी दोघंही बाद. त्यासाठी गुडघे चिखलात टेकावे लागतात, पण पायवाटेवरच टेका.

पानं शोधण्यात वेळ घालवू नका, ती गवतात हरवण्याइतकी बारीक असतात. आणि 'कीटकभक्षी आहे म्हणे, बघू तरी' म्हणून उपटू तर मुळीच नका. हिला खरी मुळं नसतातच. चिखलातल्या तंतूंवर सूक्ष्म फुगे असतात, पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढले जातात. उपटल्यावर हातात फक्त चिखल येतो.

जागाही बघा. पाऊस ओसरताना, साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, जिथे पाणी झिरपत असतं तिथे गेंद नावाच्या पांढऱ्या फुलांच्या सोबतीने ही फुलते. कोरड्या उतारावर सापडलेलं निळं फूल बहुधा दुसरंच असतं.

एक घोळ मात्र जाणत्यांचाही होतो. भातखाचरात असंच फूल दिसलं, दांडी भाताच्या काडीला वेटोळे घालत चढलेली आणि खालच्या ओठावर शिरांची जाळी असेल, तर ती वेगळी जात, शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटा. कासच्या सड्यावरची युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स ताठ उभी राहते. गावात दोघींनाही सीतेची आसवंच म्हणतात.