स्कोप ढकलू नका! एंडोस्कोपी शिकताना या चुका टाळा

डीएमच्या (पोटविकारांच्या सुपरस्पेशालिटी पदवीच्या) पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, कोलोनोस्कोपीला (गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी, म्हणजे स्कोप, घालून मोठं आतडं तपासायला) उभा राहिला की त्याला एकच ध्यास असतो, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याचं आतलं टोक, गाठायचा. वाट दिसेना की तो ढकलतो. प्रत्येक बॅचमध्ये हेच बघतोय.

सिग्मॉइड, म्हणजे गुदाशयाच्या वरचा मोठ्या आतड्याचा वळणदार भाग, पोटात मोकळं असतं. त्यात स्कोप रेटला की लूप (वेटोळं) होतो, मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) ताणते, पेशंट कळवळतो आणि टोक पुढे जायचं सोडून मागे येतं. एका रेसिडेंटचा स्कोप १०० सेंटिमीटर आत होता आणि टोक अजून स्प्लेनिक फ्लेक्शरलाच (प्लीहेजवळच्या आतड्याच्या वळणावरच). सरळ स्कोप तिथं ४०-५० सेंटिमीटरला पोचतो, म्हणजे उरलेला सगळा लूपमध्ये. टेबलावरच्या आजी "बास रे बाळा" म्हणत रडत होत्या आणि हा सिस्टरकडे आणखी मिडाझोलाम, म्हणजे गुंगीचं औषध, मागत होता! मी त्याला थांबवलं. आधी हवा ओढून घ्यायला लावली, मग स्कोप घड्याळाच्या दिशेने पिळत सावकाश मागे घ्यायला सांगितलं. निम्मा स्कोप बाहेर आला आणि टोक आपसूक पुढच्या भागात, ट्रान्सव्हर्स कोलनमध्ये (मोठ्या आतड्याच्या आडव्या भागात) सरकलं. आजी शांत झाल्या.

पेशंट कळवळतो तेव्हा तो लूप झाल्याचं सांगत असतो. त्यावर गुंगी वाढवली तर आतडं फाटायची वेळ आली तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणून नव्या मुलाच्या हातात मी सुरुवातीला स्कोप देतो तो फक्त बाहेर काढताना. डावा अंगठा टोक वळवणाऱ्या चाकावर, उजवा हात स्कोपवर. उजवा हात सारखा चाकांकडे धावला की मी तो उचलून परत जागेवर ठेवतो.

पडद्यावर नुसतं लाल दिसलं तर टोक भिंतीला टेकलंय, मागे या. हवा कमी भरा, कार्बन डायऑक्साइड असेल तर तोच वापरा. अडलात तर पेशंटची कूस बदला. आणि स्कोप घालण्याआधी गुदद्वाराची बोटाने तपासणी झालीच पाहिजे.

दुसरी चूक मला जास्त सलते. सीकम गाठल्याचा पुरावा म्हणून अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो काढला की पोरं सुटतात, दोन-तीन मिनिटांत बाहेर! अहो, खरी तपासणी तिथून सुरू होते. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) काढायचा वेळ सोडून किमान ६ मिनिटं बघायचंच. सावकाश बाहेर येणाऱ्यांना जास्त अ‍ॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलिप) सापडतात, हे २००६ सालीच दाखवून झालंय. उजव्या कोलनमधले (मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातले) सपाट सेरेटेड, म्हणजे दातेरी रचनेचे, पॉलिप म्यूकसच्या (चिकट स्रावाच्या) थराखाली दडतात. पाणी मारून धुवा, प्रत्येक घडीमागे डोकवा. मी उजवं कोलन दोनदा बघतो. लॉगबुकात केसेसचा आकडा फुगवायला निघालेल्या रेसिडेंटला हे कंटाळवाणं वाटतं. पण त्याच्याकडून सुटलेला पॉलिप त्या माणसाला पुढे कॅन्सर होऊन भेटू शकतो.

गॅस्ट्रोस्कोपीत (तोंडातून स्कोप घालून जठर तपासताना) क्रायकोफॅरिंक्स, म्हणजे घशातून अन्ननलिकेत जायचं अरुंद तोंड, डोळ्यांनी बघूनच ओलांडा, तिथं जोर लावू नका. कवळी आधी काढून घ्या. जठरात स्कोप वळवून फंडस (जठराचा वरचा घुमट) पाहिल्याशिवाय बाहेर येऊ नका.

स्कोप बाहेर आला की टेबलाजवळच पुसायचा आणि चॅनेलमधून (स्कोपच्या आतल्या पोकळ नळीतून) डिटर्जंट ओढायचं. आत घाण वाळली की पुढची निर्जंतुकी वाया जाते. हे टेक्निशियनचं काम म्हणून हात झटकणाऱ्याला मी लीक टेस्टपासून (स्कोप कुठे गळतोय का ते तपासण्यापासून) सगळं महिनाभर स्वतः करायला लावतो.