चर्चच्या संकेतस्थळावर मोकळी जागा कशी राखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील एखाद्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहाचे, संकेतस्थळ तयार होऊ लागले की मुखपृष्ठावर काय काय असावे याची यादी दर बैठकीला वाढत जाते. वर सरकत्या अक्षरांची पट्टी, तिच्याखाली बदलती छायाचित्रे, मग मराठी, कन्नड आणि इंग्रजीतून स्वागत, पाळकांचा संदेश, पंचमंडळातील (मंडळीच्या कारभारी समितीतील) सभासदांचे फोटो, महिला मंडळ, तरुण संघ, शब्बाथ शाळा आणि गेल्या नाताळाची सूचना, असे सगळे एकाच पानावर येऊन बसते. यामागे कोणाचा निष्काळजीपणा नसतो. कोणालाही वगळल्यासारखे वाटू नये ही भावना त्यामागे असते, आणि सीमाभागात भाषेचा मान राखण्याची काळजी तर अधिकच असते. परंतु नोकरीनिमित्त नव्याने शहरात आलेले कुटुंब शनिवारी रात्री मोबाइलवर उद्याची मराठी उपासना किती वाजता आहे हे शोधत असेल, तर एवढ्या दाटीत त्याला नेमके तेच सापडत नाही. मोकळी जागा राखायची ती या कुटुंबासाठी, हे मनात धरूनच पुढची सारी मांडणी करावी.

मुखपृष्ठावर काय ठेवावे

सुरुवात रंग किंवा टेम्प्लेट (पानाचा तयार साचा) निवडण्यापासून करू नये. मुखपृष्ठावर नेमके काय राहणार हे आधी कागदावर लिहून काढावे. माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत: मंडळीचे नाव आणि एक चांगले छायाचित्र, भाषेनुसार उपासनेच्या वेळा, येण्याचा पत्ता व खूण, आणि संपर्काचा फोन क्रमांक. बाकीच्या प्रत्येक सेवाकार्याला स्वतःचे पान द्यावे आणि मुखपृष्ठावरून त्या पानाकडे नेणारी एक ओळ ठेवावी. पंचमंडळाला हे पटवताना ‘तुमचा फोटो काढून टाकतो’ असे न म्हणता ‘महिला मंडळाला पूर्ण पान देतो, तिथे वर्षभराचे कार्यक्रमही येतील’ असे सांगावे. ते खरेही आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत दोन ओळी मिळण्यापेक्षा स्वतंत्र पान मिळणे हा त्या सेवाकार्याचा अधिक मान आहे.

इतिहासाबाबतही हेच लागू पडते. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले, १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मंडळीकडे आले, आणि बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. एवढा वारसा असलेल्या गावात मंडळीचा इतिहास लिहिलाच पाहिजे, पण तो सावकाश वाचण्याचा मजकूर आहे. त्याला रुंद समास असलेले वेगळे पान हवे.

तीन भाषांचा प्रश्न सर्वांत अवघड असल्यामुळे त्यावर थोडा अधिक विचार करावा. एकाच परिच्छेदाची तीन भाषांतरे एकाखाली एक लावली, तर प्रत्येक वाचकाला आपल्या उपयोगाचा नसलेला दोनतृतीयांश मजकूर ओलांडावा लागतो. त्याऐवजी पानाच्या वरच्या भागात भाषांची नावे त्या त्या लिपीत, पुरेसे अंतर ठेवून लिहावीत आणि प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्र करावे. तिन्ही पानांची मांडणी मात्र एकसारखी असावी, म्हणजे कोणती भाषा मुख्य आणि कोणती दुय्यम असा प्रश्न उरत नाही. याला एकच अपवाद करावा, तो उपासनेच्या वेळांचा. आपल्याकडे एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही समजणारी माणसे असतात, आणि सकाळची वेळ चुकली तर ती दुसऱ्या भाषेच्या उपासनेला जाऊ शकतात. समजा, आठ वाजता मराठी, दहा वाजता कन्नड आणि सायंकाळी सहा वाजता इंग्रजी उपासना आहे. तर तीन ओळींचा एक तक्ता करावा, वेळ मोठ्या अक्षरांत डावीकडे आणि भाषा उजवीकडे लिहावी, प्रत्येक ओळीच्या वर-खाली साधारण १६ पिक्सेल (पडद्यावरील मोजमापाचे एकक) जागा सोडावी, आणि उभ्या-आडव्या रेघा मारूच नयेत. अंतर नीट असले की रेघांची गरज भासत नाही.

देवनागरीला लागणारी जागा

तयार टेम्प्लेट बहुधा इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात, आणि मराठी मजकूर त्यांत भरला की दाटी होते ती इथेच. इंग्रजी मथळ्यांसाठी ओळींतील अंतर अनेकदा अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवलेले असते. आता ‘प्रभूची स्तुती’ ही ओळ वर आणि ‘सर्वांनी करावी’ ही ओळ खाली, असा मथळा त्या अंतरात बसवून पाहा. वरच्या ओळीतले उकार खाली लोंबतात, खालच्या ओळीतला रफार आणि अनुस्वार वर चढतात, आणि दोन्ही एकमेकांना भिडतात. म्हणून मथळ्यांसाठी हे अंतर, म्हणजे लाइन-हाइट, किमान १.४ आणि मजकुरासाठी १.७ च्या आसपास ठेवावी. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली लिहिला जात असल्याने त्या पानांना याहून कमी अंतर चालत नाही. दोन्ही भाषांना एकच मोठे अंतर दिले तर पानेही सारखी दिसतात.

दुसरी गोष्ट लेटर-स्पेसिंगची, म्हणजे अक्षरा-अक्षरांतील अंतराची. इंग्रजी मथळा भारदस्त दिसावा म्हणून टेम्प्लेटमध्ये अक्षरे विरळ केलेली असतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. मराठी पानांवर हे मूल्य शून्यच करावे. मोकळेपणा हवा असेल तर तो ओळींत आणि परिच्छेदांत द्यावा.

मजकुराचा आकार १८ पिक्सेल ठेवावा, कारण त्याच मापात देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान भासते, आणि चर्चच्या वाचकांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात. संगणकाच्या पडद्यावर मजकुराची रुंदी ६८० पिक्सेलच्या पुढे जाऊ देऊ नये. एका ओळीत दहा-बारा शब्द आले की पुढच्या ओळीचा आरंभ डोळ्याला सहज सापडतो. मोबाइलवर दोन्ही बाजूंना २० पिक्सेल समास पुरतो. मजकुराच्या दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळावा. मराठी शब्द लांब असतात आणि ओळीच्या शेवटी ते सहसा तोडले जात नाहीत, त्यामुळे अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये वेडीवाकडी भगदाडे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी सोडणे हेच योग्य. गीतांच्या पानावर याची काळजी दुप्पट घ्यावी: कडव्याची प्रत्येक ओळ शक्य तो एका ओळीतच मावावी, दोन कडव्यांमध्ये पूर्ण ओळीचे अंतर असावे आणि धृपद किंचित आत सरकवलेले असावे, म्हणजे मोबाइल हातात धरून गाणाऱ्याची जागा चुकत नाही.

अंतराने नाते दाखवणे

जवळ असलेल्या वस्तू डोळा एका गटात धरतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडले, आणि पानाची रचना करताना त्याचा उपयोग पावलोपावली होतो. मथळ्याच्या वर ४० पिक्सेल आणि खाली १२ पिक्सेल अंतर ठेवले, तर तो मथळा खालच्या मजकुराचा आहे हे सांगावे लागत नाही. वर-खाली सारखेच अंतर ठेवले तर तो अधांतरी राहतो. यासाठी ८, १६, २४, ४०, ६४ अशी मोजकी मापे ठरवावीत आणि संकेतस्थळावर सर्वत्र तीच वापरावीत. वर्डप्रेसमध्ये (संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीत) जागा सोडण्यासाठी रिकामे परिच्छेद घालत जाऊ नये, कारण मापे हाताबाहेर जातात. रिकामी जागा घालणारा स्पेसर ब्लॉकही जपून वापरावा, कारण संगणकावर शोभणारी त्याची उंची मोबाइलवर अर्धा पडदा व्यापते. अंतर थीमच्या (संकेतस्थळाच्या रूपरचनेच्या) स्टाइलमध्येच, मार्जिन (घटकाबाहेरची जागा) आणि पॅडिंग (घटकाच्या आतली जागा) यांच्या रूपात द्यावे.

बटणांभोवतीची जागा हा सुलभतेचा विषय आहे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत स्पर्शाच्या जागेसाठी किमान २४ पिक्सेल आणि वरच्या श्रेणीत ४४ पिक्सेल असे माप आहे. ‘फोन करा’ आणि ‘रस्ता पाहा’ ही बटणे ४४ पिक्सेलचीच करावीत.

दानाच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड लावताना त्याच्या चारही बाजूंना त्या कोडमधील सर्वांत लहान चौकोनाच्या किमान चौपट रुंदीचा कोरा पट्टा लागतो; तो या कोडच्या मानकाचाच भाग आहे. गडद पार्श्वभूमीवर कोड कडेपर्यंत कापून चिकटवला किंवा त्याला खेटून बायबलचे वचन लिहिले, तर स्कॅन होण्यात अडथळा येतो. कोड पांढऱ्या चौकटीत ठेवावा, त्याखाली मंडळीचे नोंदलेले नाव लिहावे आणि त्या पानावर दुसरे काहीही ठेवू नये.

छायाचित्रांविषयी थोडक्यात. चर्चच्या इमारतीचा फोटो घेताना वर भरपूर आकाश येऊ द्यावे, म्हणजे मंडळीचे नाव त्या मोकळ्या भागावर ठेवता येते. माणसांच्या चेहऱ्यांवर किंवा वेदीवर अक्षरे टाकू नयेत.

काम झाल्यावर पान स्वतः तपासून थांबू नये. मंडळीतल्या एखाद्या आजीच्या हातात मोबाइल द्यावा, उद्याची उपासना किती वाजता आहे एवढेच विचारावे आणि त्या कुठे थबकतात ते पाहावे. जिथे थबकतात तिथे बहुधा काहीतरी जास्तीचे असते. पुढे नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर यांच्या सूचना येतच राहतात. प्रत्येक सूचना मुखपृष्ठावर टाकतानाच ती काढायची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव ठरवून ठेवावे, आणि एका वेळी एकच सूचना राहील असा नियम पंचमंडळाच्या बैठकीत लेखी मंजूर करून घ्यावा.