व्हॉल्व्हचा जुना रेडिओ सुरू करताना: खरी मेख डायलच्या दोरीत

माळ्यावरून काढलेला रेडिओ 'चालतोय का बघू' म्हणून लगेच प्लगला लावू नका. एकदा ट्रान्सफॉर्मर जळाला की तो रिवाइंड करून घेण्यातच निम्मा उत्साह संपतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा, धूळ ब्रशने झाडा आणि व्हॉल्व्हवरची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवरची, नावं वाचून ठेवा. अक्षरं बोटानेसुद्धा पुसली जातात, तेव्हा जपून. ईसीएच ८१, ईबीएफ ८९ अशी 'ई'ची मंडळी असतील तर सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरचा आहे. यूसीएच, यूएल असे 'यू'वाले दिसले तर तो एसी-डीसी सेट. त्याची चेसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असू शकते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मेणाचे कागदी कंडेन्सर सरसकट बदला, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घाला. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा तर आधी बदला, कारण तो गळका असला तर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ४५० व्होल्टचे घ्या, पण मूळच्या दुप्पट-तिप्पट मायक्रोफॅरडचे नको, रेक्टिफायर व्हॉल्व्हला ते झेपत नाही. पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरून, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाऊन मग सेटला मिळेल अशी, ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. झगझगीत राहिला तर लगेच बंद करा. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशेच्या वर व्होल्ट असू शकतात. ते रेझिस्टन्समधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच आत हात घाला. या परिच्छेदातलं काही नवीन वाटत असेल तर एवढं काम जाणकाराकडून करून घ्या.

आता डायलचा काटा सरकवणारी दोरी. बटण फिरतंय आणि काटा जागचा हलत नाही, म्हणजे ती तुटली किंवा सैल पडली. मासेमारीची तंगूस घाला, असं हमखास सांगितलं जातं. घालू नका. ती गुळगुळीत असते, ट्यूनिंगच्या बटणाच्या दांड्यावर घसरते आणि महिन्याभरात ताणून सैल होते. शिलाईचा दोरा तुटतो. एकाने मला पतंगाचा मांजा सुचवला होता. काच लावलेला दोरा कप्प्यांवरून फिरवायचा म्हणजे कप्प्यांना कानस लावण्यासारखंच. विणीची बारीक दोरी लागते. दुकानात डायल कॉर्ड म्हणून मागा आणि लागेल त्यापेक्षा हातभर जास्त घ्या.

जुनी दोरी शिल्लक असेल तर काढण्याआधी चार बाजूंनी फोटो काढा. माझ्या पहिल्या सेटमध्ये ती तुटून तळाशी पडली होती, त्यामुळे तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी दांड्यावर वेढे उलटे घातले. बटण उजवीकडे, काटा डावीकडे. दुसऱ्या दिवशी वेढे एकमेकांवर चढले आणि काटा मधेच अडकला. तिसऱ्या दिवशी सगळं जमलं, फक्त गाठ नेमकी कप्पीत येऊन बसली.

तेव्हापासून मी असं करतो. गँग, म्हणजे केंद्र पकडणारा पात्यांचा कंडेन्सर, पूर्ण मिटवायचा, फिरत्या पात्या आत. दोरीचं एक टोक ड्रमच्या, म्हणजे गँग फिरवणाऱ्या मोठ्या चाकाच्या, आतल्या आकड्याला बांधायचं, खाचेतून बाहेर काढायचं आणि कप्प्यांवरून न्यायचं. प्रत्येक कप्पीशी कागदी टेपचा तुकडा चिकटवून दोरी तिथेच धरून ठेवायची. तिसरा हात नसतो, टेप असते. ट्यूनिंगच्या दांड्यावर तीन वेढे शेजारी-शेजारी, एकही दुसऱ्यावर चढलेला नको. मग दुसऱ्या बाजूने ड्रमवर परत यायचं आणि टोक स्प्रिंगला अडकवायचं. स्प्रिंग मूळ लांबीच्या साधारण दीडपट ताणलेली हवी. पूर्ण ताणलीत तर पावसाळ्यात दोरी आखडल्यावर तिला जागाच उरत नाही. गाठी ड्रमच्या आतच ठेवा, वर नेलपॉलिशचा थेंब. टेप काढून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. घसरत असेल तर व्हायोलिनला लावतात ती राळ चिमूटभर दांड्यावर चोळा. तेल मात्र या दोरीच्या आसपासही नको.

काटा सगळ्यात शेवटी. गँग मिटलेला असताना तो मीडियम वेव्हच्या जास्त मीटरच्या टोकाशी लावा, मग ओळखीचं केंद्र पकडा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे डायलवर सुमारे ३७९ मीटर. काटा सरकवून तिथे आणा आणि थेंबभर नेलपॉलिशने पक्का करा. खरखर फार येत असेल तर आधी खोलीतले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा, मग सेटला दोष द्या.

पेटीला पॉलिश पेपर लावू नका, वरचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला थर, कागदाइतकं पातळ असतं. डायलची काच फक्त पुढून पुसा. गावांची नावं मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. एका सेटवरचं कोलंबो मी ओल्या फडक्याने पुसून बसलोय. तिथे काटा अजून कोऱ्या काचेवर थांबतो.